मत गुप्त नव्हते तेव्हा : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी निवडणूक

जॉर्ज केलेब बिंगहॅम या चित्रकाराने १८५२ साली मिसूरी राज्यातील एका गावच्या मतदानाचे चित्र रंगवले. ‘द काउंटी इलेक्शन’ नावाचे हे चित्र सेंट लुईसच्या कलासंग्रहालयात आहे, आणि जुन्या अमेरिकेचे सार्वजनिक जीवन समजून घेऊ पाहणाऱ्याने जाड ग्रंथ उघडण्याआधी ते निवांतपणे पाहावे, असे मला मनापासून वाटते. न्यायालयाच्या पायऱ्यांवर मतदारांची दाटी झाली आहे. वरच्या पायरीवर लाल सदरा घातलेला एक मतदार बायबलवर हात ठेवून शपथ घेतो आहे. डावीकडे बसलेल्या एका माणसाच्या पेल्यात एक कृष्णवर्णीय सेवक मद्य ओततो आहे. एकाला इतकी चढली आहे की सोबत्याने त्याला बगलेत धरून मतदानासाठी चालवले आहे. उजव्या कोपऱ्यात बाकावर डोक्याला पट्टी बांधलेला एक जण मान खाली घालून बसला आहे आणि पुढे धुळीत दोन मुले चाकूचा खेळ खेळत आहेत. एवढ्या गर्दीत स्त्री एकही नाही, आणि जो मद्य ओततो आहे त्याला मत नाही.

चित्रात मतपत्रिका, पेटी किंवा आडोसा यांपैकी काहीच नाही, कारण त्या काळी मिसूरीत मत तोंडी दिले जात असे. मतदार पायऱ्या चढून पंचांसमोर उभा राही, आपणच अमुक असल्याची शपथ घेई आणि कोणत्या पदासाठी कोणाला मत, हे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगे. बाजूला बसलेले कारकून वहीत त्याच्या नावापुढे त्याची निवड लिहून घेत. अशा वह्या अनेक ठिकाणी आजही जपलेल्या आहेत आणि त्यांमुळे दीडदोनशे वर्षांपूर्वी कोणत्या शेतकऱ्याने, लोहाराने किंवा वकिलाने कोणाला मत दिले, हे संशोधकांना नावानिशी वाचता येते. अब्राहम लिंकनने आयुष्यातले पहिले मत १ ऑगस्ट १८३१ रोजी इलिनॉयमधील न्यू सेलम येथे दिले, तेही असेच तोंडी.

बिंगहॅम हा नुसता प्रेक्षक नव्हता. १८४६ साली तो स्वतः मिसूरीच्या विधिमंडळासाठी उभा राहिला होता, तीन मतांनी निवडूनही आला होता. पण प्रतिस्पर्ध्याने निकालाला आव्हान दिले आणि जागा त्याच्या हातून गेली. पुढच्या खेपेस, १८४८ साली, तो निवडून आला. त्यामुळे चित्रातला मद्याचा पेला आणि बांधलेले डोके या त्याने अनुभवातून टिपलेल्या गोष्टी आहेत, असे मानायला हरकत नाही.

आपल्याला आज हा प्रकार विचित्र वाटतो. मत गुप्तच असायचे, हे आपण गृहीत धरून चालतो. परंतु त्या काळच्या पुष्कळ विचारी माणसांना उलट वाटत असे. मत हा सार्वजनिक विश्वासाने सोपवलेला अधिकार आहे, तो वापरणाऱ्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर उभे राहून वापरावा, जो आपले मत लपवतो त्याच्या मनात काहीतरी काळेबेरे असले पाहिजे, असा तो युक्तिवाद होता. स्वतःची जमीन असलेल्या, कोणाचे मिंधे नसलेल्या माणसांच्या छोट्या वस्तीत त्याला काही अर्थही होता. जमीनदाराकडे राबणारा कूळकरी, गिरणीतला मजूर किंवा सावकाराचा देणेकरी पायऱ्या चढून वर आला की मात्र हा युक्तिवाद कोसळतो, कारण मालक खालीच उभा राहून ऐकत असतो. तरीही केंटकी राज्याच्या घटनेतील तोंडी मतदानाची अट १८९१ साली नवी घटना येईपर्यंत टिकून होती.

पक्षाने छापलेली चिठ्ठी

बहुतेक राज्यांनी तोंडी पद्धत बरीच आधी सोडली आणि कागदावर मत घेणे सुरू केले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे : हा कागद सरकार देत नसे. मतदाराने तो स्वतः आणायचा होता. सुरुवातीला लोक घरूनच हाताने नावे लिहून आणत. परंतु अमेरिकेत निवडून द्यायच्या पदांची संख्या वाढत चालली होती. राष्ट्राध्यक्षाची निवड करणारे निर्वाचक, गव्हर्नर, प्रतिनिधिगृहाचा सदस्य, राज्य विधिमंडळाचे सदस्य, शेरीफ, काही राज्यांत न्यायाधीशसुद्धा. एवढी नावे हाताने लिहिणे सामान्य मतदाराच्या आवाक्यातले राहिले नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये डेव्हिड हेनशॉ नावाच्या गृहस्थाने पंचावन्न नावे छापलेला कागद मत म्हणून पुढे केला, तेव्हा अधिकाऱ्यांनी तो नाकारला. हेनशॉ न्यायालयात गेला आणि १८२९ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने छापील कागद ग्राह्य असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर राजकीय पक्षांनी आपापल्या उमेदवारांची संपूर्ण यादी छापून वाटायला सुरुवात केली, आणि सुमारे साठ वर्षे अमेरिकेत मतदान म्हणजे पक्षाने दिलेली चिठ्ठी पेटीत टाकणे, असा प्रकार रूढ झाला.

मतदानाच्या दिवशी काय घडे ते जवळून पाहू. मतदानाची जागा म्हणजे एखादे दुकान, तबेला, अग्निशमन पथकाची खोली किंवा पुष्कळदा दारूच्या गुत्त्याला लागून असलेली इमारत. निवडणूक अधिकारी आत बसत आणि मतदार बाहेरूनच, खिडकीतून, आपली चिठ्ठी आत देई. त्या खिडकीपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांच्या गराड्यातून वाट काढावी लागे. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठ्यांचे गठ्ठे असत. एका पक्षाची चिठ्ठी एका रंगाची, दुसऱ्याची दुसऱ्या, शिवाय मागच्या बाजूस ठळक नक्षी किंवा चित्र. त्यामुळे घडी घातलेली असली तरी मतदाराच्या हातात कोणाची चिठ्ठी आहे, हे रस्त्यापलीकडूनही कळे. काही राज्यांनी चिठ्ठ्या पांढऱ्याच कागदावर छापल्या पाहिजेत असा कायदा केला, तेव्हा पक्षांनी पांढऱ्यातल्याच वेगवेगळ्या छटा आणि कमीजास्त जाडीचे कागद शोधून काढले. तोंडी मतदानात जे कानांना ऐकू येत होते, ते आता डोळ्यांना दिसू लागले, इतकाच काय तो फरक.

मतदाराला यादीतला एखादा उमेदवार नको असेल तर तो त्या नावावर काट मारून दुसरे नाव लिहू शकत असे. हे स्वातंत्र्य पक्षांना खपत नव्हते, पण तेच कधी उपयोगीही पडे. एखाद्या नाराज गटाने आपल्या उमेदवाराचे नाव असलेल्या, मागे डिंक लावलेल्या चिकटपट्ट्या छापून वाटल्या की मतदार मूळ नावावर ती पट्टी डकवून टाके. यावर उपाय म्हणून कॅलिफोर्नियातील व्हालेहो येथे १८७१ साली एक चिठ्ठी छापली गेली, ती इतकी अरुंद आणि तिच्यावरची अक्षरे इतकी बारीक व दाट होती की दुसरे नाव लिहायला किंवा पट्टी चिकटवायला जागाच उरली नाही. लोक तिला पट्टकृमीची, म्हणजे पोटातल्या चपट्या जंताची, उपमा देत. याच्या दुसऱ्या टोकाला साउथ कॅरोलायनातील १८७८ची निवडणूक. तिथे अतिशय पातळ कागदाच्या इवल्याशा चिठ्ठ्या छापल्या गेल्या. एका मोठ्या चिठ्ठीच्या घडीत अशा अनेक चिठ्ठ्या लपवून पेटीत टाकता येत आणि पेटी हलवली की त्या सुट्या होत. मतांची संख्या मतदारांपेक्षा जास्त भरली की जादा चिठ्ठ्या डोळे बांधून काढून टाकण्याचा नियम होता. त्या काढताना जाड कागदाच्या, म्हणजे विरोधकांच्या, चिठ्ठ्या हाताला बरोबर लागत.

छपाईचा खर्च पक्ष करी आणि तो उमेदवारांकडून वसूल करी. यातून पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांच्या हाती मोठी सत्ता आली. कोणाचे नाव छापायचे, कोणाचे गाळायचे, चिठ्ठ्या वेळेवर पोहोचवायच्या की नाहीत, हे तेच ठरवत. न्यूयॉर्कमधील टॅमनी हॉलसारख्या पक्षसंघटनांचे बळ कुठून आले, असे विचारले जाते तेव्हा स्थलांतरितांना दिलेली मदत, नोकऱ्यांचे वाटप आणि कंत्राटातला मलिदा यांचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु मतपत्रिकेचा छापखाना त्यांच्या ताब्यात होता, हे कारण मला तितकेच महत्त्वाचे वाटते आणि त्याकडे कमी लक्ष दिले जाते.

मशाली, वर्तमानपत्रे आणि नोकऱ्या

एवढे गैरप्रकार असूनही लोक प्रचंड संख्येने मतदानाला जात, ही या काळाची दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. १८२४ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी साधारण साडेतीन लाख मते पडली होती. मालमत्तेची अट बहुतेक राज्यांतून हटल्यामुळे आणि पक्षसंघटना गावोगाव पोहोचल्यामुळे १८४० साली हा आकडा चोवीस लाखांवर गेला, आणि मताधिकार असलेल्या पुरुषांपैकी सुमारे ८० टक्के पुरुषांनी मत दिले. १८७६ साली हे प्रमाण ८२ टक्क्यांच्या घरात होते. अमेरिकेत तेवढे पुन्हा कधीच झाले नाही.

१८४०च्या प्रचाराने पुढच्या दोन पिढ्यांच्या राजकारणाचा साचा घडवला. डेमोक्रॅटिक पक्षाचा तेव्हाचा प्रतिस्पर्धी असलेल्या व्हिग पक्षाचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन यांच्याबद्दल बाल्टिमोरच्या एका विरोधी वर्तमानपत्राने लिहिले की, त्यांना सफरचंदाच्या दारूचे एक पिंप आणि थोडे पेन्शन द्या, म्हणजे ते लाकडी झोपडीत सुखाने दिवस काढतील. हा टोमणा व्हिग पक्षाने उचलून धरला. गावोगाव मिरवणुकांत चाकांवरच्या लाकडी झोपड्या निघाल्या, सफरचंदाची दारू फुकट वाटली गेली आणि घोषणा लिहिलेले माणसाहून उंच चेंडू एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंत ढकलत नेले गेले. वास्तविक हॅरिसन हे व्हर्जिनियातील एका बड्या घराण्यातले होते आणि ओहायोत त्यांचे मोठे घर होते. ते निवडून आले आणि पद स्वीकारल्यावर महिन्याभरातच वारले. प्रचाराची ती रीत मात्र टिकली.

त्यानंतर वीस वर्षांनी, १८६०च्या आरंभी, कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे कापडदुकानातल्या काही तरुण कारकुनांनी मशाल मिरवणुकीत तेल अंगावर ठिबकू नये म्हणून चकचकीत काळ्या कापडाचे आखूड झगे शिवून घेतले. हा पोशाख लोकांना इतका आवडला की त्याच वेषातली, ‘वाइड अवेक’ या नावाची तरुण मंडळे उत्तरेकडच्या राज्यांत झपाट्याने उभी राहिली आणि लिंकनच्या प्रचारात हजारोंच्या संख्येने रात्री रांगेत चालू लागली. मतदानाचे वय न झालेली मुलेही त्यांत असत. दक्षिणेतल्या लोकांना मात्र ती मशालींची शिस्तबद्ध रांग लष्करासारखी वाटली आणि त्यांची भीती वाढली.

हे सगळे केवळ तमाशापुरते नव्हते. इलिनॉयमध्ये १८५८ साली सेनेटच्या जागेसाठी लढणाऱ्या लिंकन आणि स्टीफन डग्लस यांनी सात गावांत समोरासमोर भाषणे केली. पहिला वक्ता एक तास बोले, दुसरा दीड तास आणि पुन्हा पहिला अर्धा तास. म्हणजे तीन तास, उघड्यावर, ध्वनिवर्धकाशिवाय, गुलामगिरीचा नव्या प्रदेशांत विस्तार व्हावा की नाही या एका प्रश्नाभोवती. ऑटावा येथील पहिल्या सभेला दहा हजारांच्या आसपास लोक आले होते. सेनेटचे सदस्य तेव्हा राज्याचे विधिमंडळ निवडत असे, जनता थेट निवडत नसे. त्यामुळे ऐकणाऱ्यांपैकी कोणीही या दोघांना प्रत्यक्ष मत देणार नव्हता, आणि जमलेल्या स्त्रियांना तर कोणतेच मत नव्हते. तरीही लोक बैलगाड्यांतून, घोड्यांवरून, आगगाडीने आले आणि अखेरपर्यंत उभे राहिले. हा धीर त्या समाजाचा खरा ठेवा होता, असे माझे मत आहे.

वर्तमानपत्रेही उघडपणे पक्षाची असत. तटस्थ असल्याचा दावा बहुतेकांनी केलाच नव्हता. कित्येक पत्रांच्या नावातच ‘डेमोक्रॅट’ किंवा ‘रिपब्लिकन’ असे आणि अमेरिकेतील काही शहरांत ती नावे अजूनही टिकून आहेत. सरकारी छपाईची कामे विजयी पक्षाच्या पत्राला मिळत, आणि संपादकाला पुष्कळदा पोस्टमास्तरकीही मिळे.

नोकऱ्यांची ही वाटणी म्हणजे पक्षयंत्रणेचे इंधनच होते. अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकिर्दीपासून विजयी पक्षाने सरकारी पदे आपल्या माणसांना देणे उघडपणे रूढ झाले आणि शत्रूची लूट विजेत्याचीच असते, असे विल्यम मार्सी या सेनेटरने १८३२ साली सेनेटमध्ये बोलून दाखवले. १८८०च्या सुमारास केंद्र सरकारच्या सुमारे एक लाख नागरी नोकऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त टपालखात्यात होत्या. ज्याला अशी नोकरी मिळे त्याच्या पगारातून ठरावीक टक्के रक्कम निवडणुकीच्या वर्षात पक्षाकडे जाई, म्हणजे चिठ्ठ्यांची छपाई, मशाली आणि मद्य यांचा खर्च फिरून सरकारी तिजोरीतूनच निघे. २ जुलै १८८१ रोजी नोकरी न मिळाल्याने बिथरलेल्या चार्ल्स गिटो याने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि १९ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा देश हादरला. जानेवारी १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा झाला. त्याने परीक्षा घेऊन नोकऱ्या देण्याची सुरुवात केली आणि कर्मचाऱ्यांकडून सक्तीने वर्गणी घेण्यास बंदी घातली. आरंभी तो जेमतेम एक दशांश नोकऱ्यांनाच लागू होता, पण दिशा ठरली. पक्षांनी मग पैशासाठी बड्या उद्योगपतींकडे पाहण्यास सुरुवात केली, हा त्याचा कोणी न योजलेला परिणाम.

मत विकत घेणे आणि त्यावरचा इलाज

चिठ्ठी दिसत असल्याने मत विकत घेणे सोपे होते. पैसे देणारा कार्यकर्ता मतदाराच्या हातात चिठ्ठी ठेवी आणि ती खिडकीतून आत जाईपर्यंत नजर हटवत नसे. बाल्टिमोरमध्ये १८५०च्या दशकात तर टोळ्याच मतदान केंद्रांवर पहारा देत; विरोधी पक्षाची चिठ्ठी हातात दिसली की मतदाराला चांभाराच्या आरीने भोसकत. माणसांना कोंडून, दारू पाजून, वेगवेगळ्या केंद्रांवर पुनःपुन्हा मत द्यायला नेण्याचे प्रकारही तिथे होत. एडगर अॅलन पो हा लेखक ३ ऑक्टोबर १८४९ रोजी, मतदानाच्याच दिवशी, बाल्टिमोरच्या एका मतदान केंद्राजवळ भ्रमिष्ट अवस्थेत सापडला आणि चार दिवसांनी वारला. तो अशाच टोळीच्या हाती लागला असावा, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे, परंतु तो सिद्ध झालेला नाही.

सर्वांत बोलका पुरावा १८८८चा आहे. इंडियाना राज्यात दोन्ही पक्षांचे बळ जवळजवळ सारखे होते, त्यामुळे कोणाशीच बांधलेले नसलेले मूठभर मतदार निकाल फिरवू शकत. रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचे खजिनदार विल्यम डडली यांनी स्थानिक कार्यकर्त्यांना पत्र लिहून सांगितले की, अशा मतदारांचे पाचपाचांचे गट करा, प्रत्येक गटावर आवश्यक पैशांसह एक विश्वासू माणूस नेमा आणि पाचांपैकी एकही निसटणार नाही व सगळे आपल्याच चिठ्ठीवर मत देतील, याची जबाबदारी त्याच्यावर टाका. पत्र डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती लागले आणि मतदानाच्या आठवडाभर आधी वर्तमानपत्रात छापून आले. तरीही रिपब्लिकन पक्षाचे बेंजामिन हॅरिसन इंडियाना जिंकले आणि देशभरातील एकूण मतांत मागे असूनही राष्ट्राध्यक्ष झाले.

नेमक्या त्याच वर्षी इलाजही अमेरिकेत पोहोचला. तो आला ऑस्ट्रेलियाहून, जिथे व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ साली तो प्रथम अमलात आणला होता. ब्रिटनने तो १८७२ साली स्वीकारला. पद्धत साधी आहे. मतपत्रिका सरकारने, सरकारी खर्चाने छापायची. एकाच कागदावर सगळ्या पक्षांच्या सगळ्या उमेदवारांची नावे असायची. तो कागद फक्त मतदान केंद्रात, फक्त मतदाराच्याच हाती द्यायचा. मतदाराने आडोशाला जाऊन, कोणी पाहत नसताना, त्यावर खूण करायची. लाच देणाऱ्याला आपला पैसा वसूल झाल्याचा पुरावा हवा असतो. पुरावाच मिळेनासा झाला की पैसे देण्यात अर्थ उरत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र.

पहिला प्रयोग केंटकीमधील लुइव्हिल शहरात झाला. राज्याच्या घटनेत तोंडी मतदानाची अट असल्याने तिथला १८८८चा कायदा केवळ नगरपालिकेच्या निवडणुकीपुरताच करावा लागला, आणि त्यामुळे काही काळ एकाच शहरातला मतदार शहरासाठी गुप्त आणि राज्यासाठी मोठ्याने मत देत होता. संपूर्ण राज्यासाठी असा कायदा करण्याचा मान मॅसॅच्युसेट्सचा, तोही १८८८ सालचाच. पुढच्या आठ वर्षांत जवळजवळ सगळ्या राज्यांनी ही पद्धत घेतली. एवढी मोठी सुधारणा एवढ्या थोड्या काळात, केंद्राच्या कायद्याशिवाय, एकेका राज्याने करणे ही विलक्षण गोष्ट होती.

याच काळात पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या गेल्या आणि १८८८ पर्यंत तिथे राहिल्या. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या त्यांच्या मराठी पुस्तकात त्या देशाच्या राज्यपद्धतीपासून स्त्रियांच्या स्थितीपर्यंत अनेक विषय आले आहेत. त्यांना जो देश दिसला त्यात मत नसलेल्या स्त्रिया मद्यपानबंदीच्या चळवळीत मोठ्या प्रमाणावर संघटित झाल्या होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुसान अँथनी यांनी १८७२ साली रॉचेस्टर येथे मत दिले होते आणि त्याबद्दल त्यांना अटक होऊन पुढच्या वर्षी १०० डॉलरचा दंड झाला होता. तो त्यांनी कधीच भरला नाही. मतदानाची जागा म्हणजे दारू, शिव्या आणि मारामाऱ्या, ती स्त्रियांसाठी नव्हे, असा आक्षेप त्यांच्याविरुद्ध वारंवार घेतला जाई. आडोसा, सरकारी कागद आणि केंद्राभोवतीची शांतता आल्यावर त्या आक्षेपातला जोर आपोआप ओसरला. स्त्रियांना मताधिकार देणारी घटनेची एकोणिसावी दुरुस्ती व्हायला मात्र १९२० उजाडले.

गुप्त मतदानाने लाचलुचपत कमी झाली, पण संपली नाही. न्यूयॉर्कच्या ग्रामीण भागात कार्यकर्त्यांनी विरोधी मतदाराला मत बदलण्याऐवजी घरी बसण्याचे पैसे देण्यास सुरुवात केली, कारण तो केंद्रावर आला की नाही हे अजूनही दिसत होते. ओहायोतील अॅडम्स काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) १९१०च्या निवडणुकीनंतर अॅल्बियन ब्लेअर या न्यायाधीशांनी मत विकणाऱ्यांची चौकशी लावली, तेव्हा सुमारे १,७०० जण दोषी ठरले. त्या काउंटीतल्या मतदारांपैकी हे जवळजवळ एक चतुर्थांश होते. त्यांचा मताधिकार पाच वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

ज्याला वाचता येत नाही त्याचे मत

आता या सुधारणेची काळी बाजू. पक्षाची चिठ्ठी कितीही मलिन असली तरी ती वापरायला अक्षरओळख लागत नसे. रंग आणि चित्र पुरेसे होते. सरकारी मतपत्रिकेवर पन्नास-साठ नावांतून आपला उमेदवार शोधायचा तर वाचता यायला हवे. १८९०च्या जनगणनेत दहा वर्षांवरील १३ टक्के अमेरिकी निरक्षर होते, आणि कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते, कारण गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतील अनेक राज्यांत त्यांना वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. इंडियानाने १८८९च्या कायद्यात पक्षवार रकाने आणि त्यांवर पक्षाचे चित्र छापण्याची सोय केली, आणि काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. आपल्याकडे १९५१-५२ साली प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर चिन्ह ठेवले गेले, त्यामागेही हाच प्रश्न होता. दक्षिणेतील राज्यकर्त्यांनी मात्र ही अडचण दूर करण्याऐवजी तिचे हत्यार केले.

साउथ कॅरोलायनाने १८८२ सालीच प्रत्येक पदासाठी वेगळी पेटी ठेवण्याचा कायदा केला होता. चुकीच्या पेटीत पडलेले मत बाद होई, आणि पेट्यांची जागा दिवसभरात बदलता येई. ज्याला पेटीवरचे नाव वाचता येत नाही त्याने काय करावे? टेनेसीने १८८९ साली गुप्त मतपत्रिका आणली ती फक्त मोठ्या शहरांच्या काउंटींत, जिथे कृष्णवर्णीय मतदार संघटित होते. अर्कान्सामध्ये निरक्षराला मदत करण्याचा अधिकार केवळ निवडणूक अधिकाऱ्यांना दिला गेला, आणि नवी मतपत्रिका कृष्णवर्णीयांना कशी गोंधळात पाडते याचा डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचारगीतात उघड अभिमान मिरवला गेला. मिसिसिपीच्या १८९०च्या घटनेने त्यावर दोन डॉलरचा मतपट्टीकर, म्हणजे मत देण्यासाठी भरावा लागणारा कर, आणि राज्यघटना वाचून किंवा ऐकून तिचा अर्थ सांगण्याची परीक्षा बसवली. उत्तर बरोबर की चूक, हे गोरा अधिकारी ठरवणार. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १८९८ साली नवी घटना आली आणि १९०० साली ते ५,३२० उरले.

वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० पासून जागेवर होती. कायद्यांच्या शब्दांत वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता, म्हणून तिचा उपयोग झाला नाही. हे वाचताना मला संताप येतो, आणि तो यावा असेच ते आहे. कारण ज्या कागदाने इंडियानातल्या गरीब मतदाराला दलालाच्या मुठीतून सोडवले, त्याच कागदाच्या आधाराने लुइझियानातल्या गरीब मतदाराला पेटीपासून दूर ठेवले गेले, आणि दोन्ही ठिकाणी पुढारी स्वच्छ निवडणुकीचेच नाव घेत होते.

उत्तरेतही मतदान घसरले. देशभरातले मतदान १८९६ साली ७९ टक्के होते, १९०४ साली ६५ आणि स्त्रियांना प्रथमच देशभर मत मिळाले त्या १९२० साली ४९. यामागे मतदार नोंदणीचे कडक नियम होते, अनेक राज्यांत एकाच पक्षाचे कायमचे वर्चस्व होते, आणि मिरवणुकी, जेवणावळी व शेजाऱ्यांचा आग्रह यांतून येणारी ओढही नाहीशी झाली होती. प्रत्येक कारणाचा वाटा किती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मते दक्षिणेतील घसरणीला सक्तीची वंचना हेच मुख्य कारण आहे आणि उत्तरेतील घसरण ही पक्षाशी असलेले रोजचे नाते तुटल्याने झाली.

आणखी एक परिणाम आजच्या अमेरिकेतही दिसतो. मतपत्रिका सरकार छापणार म्हटल्यावर तिच्यावर कोणाची नावे घ्यायची, हेही कायद्याने ठरवणे भाग पडले. छोट्या पक्षांना ठरावीक सह्या किंवा ठरावीक मते दाखवल्याशिवाय जागा मिळेनाशी झाली. मोठ्या पक्षांनी आपला उमेदवार कसा निवडावा, यातही कायदा शिरला. विस्कॉन्सिनने १९०३ साली संमत केलेल्या आणि पुढच्या वर्षी जनमताने पक्क्या झालेल्या कायद्यामुळे तिथे तो अधिकार पक्षाच्या बैठकीकडून मतदारांकडे गेला, आणि आज आपण ज्या प्राथमिक निवडणुकांच्या बातम्या वाचतो त्या या वाटेने आल्या.

साउथ कॅरोलायनाने सरकारी मतपत्रिका स्वीकारली ती थेट १९५० साली. मतपट्टीकर केंद्रीय निवडणुकांतून १९६४च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने आणि राज्यांच्या निवडणुकांतून १९६६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने गेला. वाचनाची परीक्षा १९६५च्या मताधिकार कायद्याने दक्षिणेतील बहुतेक राज्यांत स्थगित झाली, १९७० साली ही स्थगिती देशभर लागू झाली आणि १९७५ साली ती परीक्षा कायमची बंद झाली.